साखरखेर्ड्याची बियाण्याची पेटी

२०२४ च्या भाद्रपदात पावसाने आमच्या भागात दाणादाण उडवली. शेंगा भरलेले सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभे होते. पंचनाम्यांच्या निमित्ताने आम्ही मंडळी सकाळी निघायचो ते दिवेलागणीला घरी. त्यातलाच एक दिवस साखरखेर्ड्याचा.

मेहकरहून चिखलीच्या रस्त्याने निघाले की लव्हाळ्याचा फाटा लागतो. तिथून साखरखेर्ड्याला वळायचे. काळी, भारी जमीन. दोन्ही अंगांना सोयाबीन आणि तूर, मध्येच कपाशी, आणि अलीकडच्या काळात उभी राहिलेली शेडनेटची जाळीघरे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार या पट्ट्यात भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाने चांगले मूळ धरले आहे. जालना जवळ, तिथे बियाणे कंपन्या. त्यामुळे दहा-वीस गुंठ्यांत मिरची-टोमॅटोचे बी तयार करणारी घरे आता गावोगाव सापडतात. त्या पावसात कितीतरी जाळ्या फाटून तारांवर लोंबत होत्या.

गाव तसे इतिहासातले. तालुका सिंदखेड राजा, म्हणजे जिजाऊंच्या माहेरचा. आणि खुद्द साखरखेर्ड्याच्या शिवारात १७२४ साली मोठी लढाई झाली. निजामउल्मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला, खान इथेच पडला आणि निजामाचे दक्षिणेतले राज्य पक्के झाले. जिंकलेल्याने गावाचे नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवले. लोकांनी मात्र साखर सोडली नाही. आज बाहेरगावची माणसे येतात ती पलसिद्ध महाराजांच्या मठासाठी आणि प्रल्हाद महाराजांच्या दर्शनासाठी. लढाईचे कोणी विचारत नाही.

शेतांचे काम आटोपून आम्ही गावात आलो तर एका गल्लीत माणसे जमलेली. जुने माळवदाचे घर. चार दिवसांच्या झडीने मातीची भिंत भिजून फुगली होती आणि पहाटे माजघरावर कोसळली होती. देवाची कृपा, की माणसे ओसरीवर निजली होती. ढिगाऱ्याखालून काढलेले सामान अंगणात मांडलेले. वर काढायच्या वस्तू तीनच, पण घरातल्या सगळ्यांत जुन्या: एक बंगई, एक देव्हारा आणि एक सागवानी पेटी. (इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात.)

पंचनाम्याच्या कागदात पिकाला रकाना असतो, पडलेल्या भिंतीला असतो. मोडलेल्या बंगईला नसतो. तलाठीभाऊंनी भिंतीची नोंद घेतली आणि आम्ही चहाला बसलो.

घरात दोन भाऊ. थोरला शेती बघतो, धाकटा जालन्याला नोकरी करतो. त्यांची आई ऐंशीच्या पुढची, अंगात अजून धमक. अंगणात जुने सागवान घेणारा एक व्यापारी येऊन उभाच होता. यांना वास कसा लागतो कोण जाणे! भिंत पहाटे पडली आणि हा दुपारी हजर. त्याने तिन्ही वस्तूंचा एकगठ्ठा भाव सांगितला. धाकट्याचे मत, देऊन टाकावे. भिंत बांधायला तेवढाच हातभार. थोरला गप्प. त्याला नव्या हंगामाचा पैसा दिसत होता आणि आईचा चेहराही दिसत होता.

म्हातारी म्हणाली, “माह्या नातसुनेला सातवा लागला. या पेटीचा पाळणा करायचा हाये मले. माह्या सासूनं मरताना ही पेटी माह्या हाती देल्ली. दरसाल मिरगाच्या आधी मीच उघडत होती.”

मी पेटीजवळ गेलो. लांबीला चार फूट, उंचीला दोन. कोपरे दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे जोडलेले, खिळा एकही नाही. झाकण फुटलेले, एक बाजू दबलेली, पण फळ्या शाबूत. झाकणाचा तुकडा उचलला आणि ओल्या लाकडाचा वास नाकात गेला. कुबट, उग्र, घशाला लागणारा. तो वास मी विसरणे शक्य नव्हते. लहानपणी आमच्या घरच्या कणगीला तोच वास यायचा.

मी विचारले, “माय, या पेटीत बियाण्याला भुकटी लावत होता का?”

“व्हय तं. पयले राख आन निंबाचा पाला. मंग तुमच्याच खात्याचे साहेब येऊन सांगून गेले. गमेक्सिन. वंजळभर टाकली की किड्याचं नाव नाही. लई वर्स टाकली.”

आमच्याच खात्याचे साहेब! ते खोटे नव्हते. गॅमेक्झिन म्हणजे बीएचसीची भुकटी. त्या काळी ती शेतकऱ्याच्या घरात मिठाइतकी सर्रास होती. बियाण्याला, ढेकणांना, मुंग्यांना, एवढेच काय, गुरांच्या अंगालाही. आम्ही कृषी पदवीधर मंडळी तिची शिफारस करत होतो, कारण तेव्हा पुस्तकातही तेच होते. पुढे कळले की हे विष लवकर विरत नाही. मातीत, लाकडात, जनावराच्या चरबीत, आईच्या दुधात ते वर्षानुवर्षे राहते. १९९७ पासून आपल्या देशात बीएचसीवर बंदी आली. २००९ मध्ये तर त्याचे मुख्य घटक जगभर बंद करण्याच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. पण बंदी आली म्हणून पेटीने प्यायलेले विष पेटीतून निघून गेले नाही.

आता हे म्हातारीला कसे सांगावे? तीस वर्षांच्या नोकरीत मी शेतकऱ्यांना पुष्कळ नको त्या गोष्टी सांगितल्या आहेत: विमा मिळणार नाही, बियाणे बोगस निघाले, मर रोग आहे, पीक मोडा. पण पाळण्याला नाही म्हणायची वेळ पहिलीच.

मी सरळच सांगितले. तान्हे मूल लाकूड चाटते, कडेला दात शिवशिवतात तेव्हा चावते. या पेटीचा पाळणा नको, पोळपाट नको, धान्याची कोठीही नको.

ती काही बोलली नाही. पदर सावरून पेटीकडे बघत बसली. धाकटा मुलगा म्हणाला, “मग तर विकूनच टाकू.” मी त्याला विचारले, “घेणारा याचे काय करील? मुंबईला ओशिवऱ्याच्या बाजारात जुन्या सागवानाचे टेबल होते, कपाट होते. कोणाच्या तरी जेवायच्या टेबलाला हे लाकूड लागेल. त्याला सांगून विकणार का?” व्यापाऱ्याने हे ऐकले आणि पेटी सोडून बाकीच्याचा भाव सांगू लागला. माणूस हुशार.

अशा वेळी घरचे मिस्त्रीच उपयोगी पडतात. गावातला सुतार या घराचा पिढीजात बलुतेदार. त्याच्या आजोबाने ही बंगई केली असे तो सांगतो. आता तो लाकूडकाम क्वचित करतो. ट्रॉलीच्या फळ्या, शेडनेटचे सांगाडे, लोखंडी गेट अशी वेल्डिंगची कामे करतो. यातही माझा हात आहे, लपवून काय करू? नोकरीच्या सुरुवातीला लाकडी तिफणीच्या जागी लोखंडी पेरणी यंत्र घ्या म्हणून मी गावोगाव सांगत फिरलो. त्याचे मला वाईट वाटत नाही. यंत्राने बी सारख्या खोलीवर पडते, मजुरी वाचते. पण बाभळीचे दिंड आणि चाडे घडवणारा हात त्याबरोबर रिकामा झाला, हे आम्ही कुठल्या अहवालात लिहिले नाही.

मिस्त्री आला तो जुनी पेटी घेऊनच. वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट. हत्यारांना गंज चढला होता, धार मात्र त्याने लावून आणली होती. त्याने आधी बंगई उलटी केली. अखंड फळी, दोन इंच जाड. एक टोक भिंतीखाली चेचलेले, दुसऱ्या टोकाला वाळवीने खाल्लेले. वाळवीच्या मातीच्या नळ्या खरवडून त्याने पटाशीचे टोक रोवून पाहिले. कडेची दोन बोटे पांढरट पट्टी भुसभुशीत, आतला तांबूस गाभा दगडासारखा.

हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सागवानाला वाळवी लागत नाही असे आपण म्हणतो ते गाभ्यापुरतेच खरे. गाभ्यात मूळचीच अशी द्रव्ये असतात की वाळवी तोंड लावायला कचरते. कडेचे फिके लाकूड मात्र ती इतर लाकडासारखेच खाते. त्यामुळे कड खाल्लेली दिसली म्हणून सगळी फळी चुलीत घालू नये. घुणाचे तसे नाही. तो टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके पाडतो आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. भुसा झाडून घ्यावा, खाली कागद टाकून आठ दिवसांनी पाहावे. पुन्हा ताजा भुसा पडला तर कीड आत जिवंत आहे. तेवढा भाग कापून टाकावा.

सागवान किती टिकते याचे एक उदाहरण मी तिथे बसल्या बसल्या सांगितले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी १८१७ साली इंग्रज आरमारासाठी ‘त्रिंकोमाली’ नावाचे जहाज बांधले, सगळे आपल्याकडच्या सागवानाचे. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात पाण्यावर तरंगते आहे. दुसरी गोष्ट ओक लाकडाची. ‘रेझोल्यूट’ नावाचे इंग्रज जहाज १८७९ साली मोडीत निघाले. त्याच्या लाकडाचे टेबल करून व्हिक्टोरिया राणीने १८८० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट दिले, आणि पुढच्या बहुतेक अध्यक्षांनी ते वापरले. मिस्त्री म्हणाला, “राणीनं पैशे किती देल्ले सुताराला?” याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

मग ठरले ते असे. पाळणा बंगईच्या फळीचा करायचा. तिला रंग नाही, भुकटी नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसे बसून गुळगुळीत झालेले लाकूड. बंगईच्या पितळी साखळ्या पाळण्याला. देव्हाऱ्याचे चार खांब मोडले होते, पण त्यांवर हिरव्या ऑइलपेंटचे थर चढलेले. तोही पाळण्याला चालणार नव्हता. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असायचे. घरगुती रंगातले शिसे दशलक्ष भागांत ९० भागांच्या वर असू नये असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग घासू नये, जाळू नये; त्याची धूळ लहान मुलांच्या डोक्याला बाधते. देव्हारा देवाचाच राहू द्या, खांब जोडून घ्या, असे मी सुचवले. म्हातारीला ते पटले.

राहिली पेटी. सगळे तिच्याकडे बघत होते.

गोठ्यात बैलांच्या दावणीच्या वर, भिंतीच्या कोनाड्यात औषधांच्या बाटल्या दिसत होत्या. अर्धी वापरलेली कीटकनाशके, तणनाशकाचा डबा, आणि त्यांच्याच शेजारी बैलाच्या खांद्याला लावायचे तेल. एका बाटलीचे लेबल गेलेले. हे दृश्य मला नवे नाही. दहातल्या आठ घरांत हेच असते. पण प्रत्येक वेळी एक पोरगा आठवतो. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी, दुसऱ्या तालुक्यात, एका घरी थंड पेयाच्या बाटलीत औषध ओतून ठेवले होते. सहा वर्षांचे पोर. आम्ही त्याला जीपमध्ये घालून नेले. वाचला. पण त्याच्या आईने त्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसून जे विचारले, “मले कोणी सांगितलं का नाही?”, ते मी रोज कानात घेऊन फिरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा सगळ्या राज्याचे डोळे उघडले म्हणतात. कोनाडे मात्र तसेच आहेत.

मी म्हणालो, “मिस्त्री, या पेटीचे औषधाचे कपाट होईल का? कुलूपवाले. गोठ्यातही नको, मळ्यातल्या पंपाच्या खोलीत, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर.”

तो हसला. “इखाची पेटी इखालेच. होते ना, कायले होत नाही?”

म्हातारीने मान वर केली. पेटी जाणार नाही, मोडणार नाही, तिची किल्ली राहील, एवढे तिला कळले. “किल्ली माह्याजवळ राहीन,” ती म्हणाली. थोरल्याने हो म्हटले. धाकटा म्हणाला, लोखंडी कपाट याहून स्वस्तात मिळेल. खरे आहे, मिळाले असते.

काम लगेच केले नाही. ओले लाकूड घाईने रंधले की पुढे वाकते आणि सांधे उघडतात. बंगईची फळी चिरून घेतली, सगळ्या फळ्या पडवीत सावलीला एकावर एक रचल्या, दर दोन फळ्यांमध्ये काड्या घातल्या म्हणजे वारा खेळतो. उन्हात टाकल्या असत्या तर तडकल्या असत्या. दीड महिना तसेच ठेवले. तोवर सोयाबीन जे हाती लागायचे ते लागले, रब्बीची पेरणी झाली.

पेटीवर काम करताना मिस्त्रीला मी काही गोष्टी पाळायला लावल्या. रंधा मारायचा नाही, फक्त लागेल तेवढेच कापायचे. कापायच्या आधी जागा ओली करायची म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला दुहेरी फडके, आणि काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूने उभे राहून. निघालेला भुसा आणि ढलप्या चुलीत घालायच्या नाहीत, शेकोटीतही नाही. त्या धुरात विष असते. त्या पोत्यात बांधून कपाटाच्याच तळच्या खणात ठेवल्या. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुऊन मगच घरात. मिस्त्री कुरकुरला, “लाकडापेक्षा तुमचे नेम जड.” पण पाळले त्याने सगळे.

पाळण्याला रंग नाही, वॉर्निश नाही. त्याला जवसाचे तेल लावले. आपल्या वऱ्हाडात पूर्वी घरोघरी जवस पेरत; आता शोधावी लागते. घाणीवरचे कच्चे तेल घ्यावे. दुकानात रंगकामासाठी ‘बॉईल्ड’ म्हणून मिळते त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची द्रव्ये घातलेली असतात, ते लेकराच्या वस्तूला नको. फडक्याने पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने जादा तेल पुसून घ्यावे, आठ-दहा दिवस वाळू द्यावे, मग दुसरा हात. एक सावधगिरी मात्र विसरू नका. तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा बोळा आपोआप पेटतो. कडब्याच्या गंजीजवळ पडला तर काय होईल ते सांगायला नको. फडके उघडे पसरून वाळवावे, किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

आणखी एक, जुन्या घराचे लाकूड ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी. सागवान तोडायला आणि वाहून न्यायला वन खात्याचे नियम आहेत. माळवद मोडून निघालेल्या तुळया ट्रॅक्टरवर घालून दुसऱ्या गावी न्यायच्या असतील तर आधी वनरक्षकाला विचारून घ्या. आपल्याच घराचे लाकूड, मग कशाला विचारायचे, असे म्हणून नाक्यावर दिवस घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

मी पुन्हा साखरखेर्ड्याला गेलो तो जानेवारी २०२५ मध्ये. हरभरा घाट्यावर होता. भिंत नवी बांधून झाली होती, विटांची. नातसुनेला मुलगी झाली होती. माजघरात पितळी साखळ्यांवर पाळणा टांगलेला, तेल पिऊन मधासारखा झालेला. बंगईच्या चेचलेल्या टोकाचा चांगला भाग निघाला होता, मिस्त्रीने त्याचा पाट केला होता. म्हातारी त्या पाटावर बसून पाळण्याची दोरी ओढत होती.

मला बघून म्हणाली, “साठ वर्स या घरात काढली साहेब. बंगईवर सासरा बसे, मंग मालक बसे. मी कधी बसली नाही. आता बसली.”

थोरला मळ्यात निघाला होता. घाटेअळी दिसायला लागली म्हणे. मी त्याला विचारले, किती अळ्या दिसल्या, मीटरभर ओळीत मोजल्या का? त्याने मोजल्या नव्हत्या. म्हटले, चल, आधी मोजू, मग फवारणीचे बघू. त्याने आईपुढे हात केला. तिने पदराची गाठ सोडली, किल्ली काढली, आणि म्हणाली, “लावून आण बरं का, लगेच.”